जागल, झटका आणि रानडुक्कर

जळकोटकडचा एखादा मित्र तुमच्या हॉस्टेलवर असेल, तर सप्टेंबरात रात्री दहाच्या सुमाराला त्याला घरी फोन लावायला सांगा. वडील फोन उचलतील, पण घरातून नाही. मागून पत्र्याचा डबा वाजल्याचा आवाज येईल, कुत्रं भुंकेल आणि मध्येच वडील फोन बाजूला धरून 'हुर्रर्र...' असं ओरडतील. बोलणं दोन मिनिटांत संपेल. सोयाबीन शेंगेला आलंय आणि ते जागलीला गेलेत.

जागल हा शब्द तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत असणार, निम्म्यांना नसणार. पीक राखायला रात्रभर शेतात जागायचं, ती जागल. चार लाकडं रोवून त्यावर माळा बांधायचा, वर ताडपत्री टाकायची, हाताशी बॅटरी, काठी, डबा ठेवायचा. मृगात पेरलं की सुरू, आणि दसऱ्याच्या आसपास सोयाबीन काढून होईपर्यंत चालू. मग तूर असते, हरभरा असतो, ज्वारी असते. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने घरातला एक माणूस रात्री घरी नसतो. हे सगळं एका प्राण्यासाठी. हरणं, वानरं पण येतात, पण जळकोट, मुखेड, कंधारच्या डोंगरपट्ट्यात शेतकऱ्याला सगळ्यात जास्त रडवतं ते रानडुक्कर.

आता पहिला प्रश्न. लातूर जिल्ह्यात जंगल आहे कुठे? क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही. २०१६ साली ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे रानडुकरांचे कळप राहतात तरी कुठे? उत्तर एकदा कळलं की बाकीचा विषय सोपा होतो. रानडुकराला घनदाट जंगल लागतच नाही. त्याला दिवसा लपायला गचपण लागतं, लोळायला चिखल लागतो आणि रात्री खायला लागतं. बालाघाटचे उतार, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, तलावाच्या मागच्या पाण्यातली झुडपं, पडीक गायरान आणि जिथे पाणी आहे तिथे उसाचा फड. यात सगळं आलं. फडात तर महिनोन्‌महिने माणूस शिरत नाही, त्यापेक्षा चांगलं हॉस्टेल कुठलं? पूर्वी माळावरचा लांडगा त्यांची पिलं उचलायचा. लांडगा कमी झाला, डुक्कर राहिलं.

आणि वाढतं किती वेगानं! मादी साधारण ११५ दिवसांत विते. एका वेळी चार ते सहा पिलं, चांगलं खायला मिळालं तर जास्तही. मादी वर्ष-दीड वर्षाची झाली की तीही व्यायला लागते. माद्या आणि पिलं मिळून कळप करतात, मोठा नर बहुतेक एकटा फिरतो. डोळ्यांनी अधू, पण नाक असं की मातीखालचा दाणा कळतो. पेरणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलात तर तास कसा उकरलाय ते बघा. मध्ये-मध्ये नाही, ओळीनं. तिफणीनं जिथे बी टाकलं, त्याच रेषेत नाक घालत गेलेलं असतं. म्हणजे बियाणं गेलं, खत गेलं आणि दुबार पेरणी आली. शेंगा भरल्यावर आलं तर खातं थोडं आणि तुडवतं जास्त. भुईमूग आमच्याकडे आता कमी दिसतो. कारण विचारलं की म्हातारी माणसं पहिलं नाव डुकराचं घेतात.

माझे मामा याच तालुक्यात शेती करतात. गेल्या खरिपात त्यांच्या आखाड्यावर मी दोन रात्री थांबले होते. (आखाडा म्हणजे कुस्तीचा नाही, शेतातलं राहायचं ठिकाण. पुण्याच्या मैत्रिणींना हे दर वेळी सांगावं लागतं.) मध्यरात्र उलटून गेली तरी ते बसलेलेच. म्हटलं, "मामा, पडा की थोडं." तर म्हणाले, "पडलं की येतेत बघ माय. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतंय." पहाटे चारला डोळा लागला आणि उजाडल्यावर बांधालगतची दोन-तीन तासं साफ होती. जागलीतली भीती डुकराचीच नसते. अंधारात मण्यार असते, वीज असते, आणि सकाळी पुन्हा दिवसभराचं काम असतंच.

मग पकडून का टाकत नाही, असं शहरातला माणूस लगेच विचारतो. रास्त प्रश्न आहे. आधी पकडतात कसं ते बघू, मग आपल्याकडे का नाही ते बघू.

जगात हे काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर चालतं अमेरिकेत. तिथे डुक्कर मुळात नव्हतंच. १५३९ मध्ये हर्नांडो डी सोटो हा स्पॅनिश माणूस फ्लोरिडात उतरला, त्याच्यासोबत डुकरं होती. अशीच आणलेली, पळालेली, नंतर शिकारीसाठी मुद्दाम सोडलेली डुकरं वाढत वाढत आज साठ लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. टेक्सासमध्ये तर हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात, त्याचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येऊन गेले असतील. पण तिथल्या जाणकारांचं म्हणणं वेगळंच आहे. बंदुकीनं एक-दोन मरतात, बाकीचा कळप उधळतो, पांगतो आणि नव्या शेतात जातो. मिझुरी राज्याच्या वनखात्यानं तर २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांची शिकारच बंद केली, कारण शिकाऱ्यांमुळे पकडण्याचं काम बिघडत होतं.

त्यांचा भरवसा पिंजऱ्यावर, आणि पिंजरा म्हणजे उंदराच्या पिंजऱ्याची मोठी आवृत्ती नव्हे. मजबूत जाळीचं गोल कुंपण असतं, माणसाच्या खांद्याइतकं उंच. गोलच का? कोपरा असला की घाबरलेली डुकरं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि वरची उडी मारून बाहेर पडतात. आत भिजवलेला, आंबलेला मका टाकतात. पहिले कितीतरी दिवस दार उघडंच ठेवतात. आधी एखादं पिलू येतं, मग दोन-तीन, म्हातारी मादी बाहेरच उभी राहून वास घेत राहते. ती आत आल्याशिवाय दार पाडायचं नाही. घाई करून अर्धा कळप पकडला तर उरलेला अर्धा शहाणा होतो आणि पुन्हा पिंजऱ्याच्या जवळ फिरकत नाही. आता तिथे कॅमेरा लावतात आणि घरी बसून मोबाइलवरून दार पाडतात. एवढं करूनही, दर वर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरं काढली तरच संख्या स्थिर राहते, असं टेक्सासमध्ये सांगितलं जातं. कमी काढली तर वाढतच जाते.

हे वाचून तुमच्या डोक्यात आलं असेल, की गावातल्या वेल्डरकडून असा पिंजरा करून घेऊ. थांबा. अमेरिकेत डुक्कर परकं आहे, आपल्याकडे ते इथलंच आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं. आधी ते अनुसूची तीनमध्ये होतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूच्या बदलल्या आणि ते अनुसूची दोनमध्ये आलं. या कायद्यात 'शिकार' शब्दाचा अर्थ बंदुकीनं मारणं एवढाच नाही. पकडणं, फासा लावणं, सापळा लावणं, आमिष टाकणं, हाकारे घालून हुसकावत नेणं, हे सगळं शिकारच. विनापरवानगी केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतात मेलेलं सापडलं तरी ते सरकारी मालमत्ता असतं आणि ४८ तासांत कळवावं लागतं. त्याचं मटण करून पार्टी आणि वर स्टेटस ठेवणारे महाभाग दर पावसाळ्यात दिसतात. पुरावा आपल्या हातानं अपलोड करायचा, हे काही मला कळत नाही.

कायद्यात वाटच नाही असं मात्र नाही. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाईसाठी हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. कागदावर सोपं झालं. पण परवानगी मिळाली तरी मारायचं परवान्याच्या बंदुकीनं, आणि गावात अशा बंदुका किती असतात? ज्यांच्याकडे असतात त्यांना अंधारात पळतं डुक्कर लागतं का? शिवाय यावरून दिल्लीपर्यंत भांडण झालेलं आहे. २०१६ च्या जूनमध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर जाहीर टीका केली, त्यात चंद्रपुरात मारलेल्या ५३ रानडुकरांचा उल्लेख होता. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचं उत्तर होतं, की राज्यं मागणी करतात, शेतकऱ्याचं नुकसान होतं, म्हणून ठरावीक भागापुरती आणि ठरावीक काळापुरती परवानगी दिली जाते. दोघांचंही ऐकून घ्यावं असं मला वाटतं. पण दोघांपैकी कुणी जागलीला गेलं नसणार, हेही वाटतंच.

केरळनं २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. पंचायतीच्या अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले, म्हणजे परवानगीसाठी लांबच्या ऑफिसात हेलपाटे नकोत. पण विष, स्फोटकं आणि वीज वापरायची नाही, अशी अट घातली. ही अट कशासाठी, ते केरळलाच जास्त माहीत आहे. मे २०२० मध्ये पलक्कडकडे एक गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, ती बातमी तुम्ही शाळेत किंवा अकरावीत असताना वाचली असेल. डुकरांसाठी फळात भरून ठेवलेला बॉम्ब तिच्या तोंडात फुटला होता.

आता मूळ दुखण्याकडे येते. परवानगी मिळायला वेळ लागतो, पिंजरा लावता येत नाही, झोप तर येतेच. मग माणूस काय करतो? खांबावर आकडा टाकतो आणि तारेत थेट लाईट सोडतो. नाहीतर गाडीच्या क्लच वायरचा फासा बांधावर लावून घरी जाऊन झोपतो.

फासा डुक्कर ओळखत नाही. त्यात कुत्रं अडकतं, वासरू अडकतं, कोल्हा अडकतो. आणि तारेतला करंट तर कुणालाच ओळखत नाही. २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे 'श्रीनिवास' नावाचा वाघ असाच मेला. उमरेडच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा हा बछडा. शेताच्या तारेत सोडलेल्या करंटला चिकटला आणि घाबरून पुरून टाकला गेला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून शोध लागला. वाघ होता म्हणून बातमी राज्यभर गेली. माणूस मेला की बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते. बहुतेकदा मेलेला माणूस शेजारचाच असतो, पहाटे मोटार चालू करायला निघालेला. कधी तार लावणाराच असतो, सकाळी बटण बंद करायचं विसरलेला. कधी त्याच्या घरचंच कुणी.

अशा वेळी आपल्या गावात एक वाक्य ऐकू येतं: "झटका मशीन लावली होती." हे वाक्य नीट तपासून घ्या, कारण यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका नावाखाली चालतात.

खरी झटका मशीन बॅटरीवर आणि सोलर पॅनलवर चालते. तिचा व्होल्टेज घरच्या लाईटपेक्षा कितीतरी जास्त, काही हजारांत. तरी माणूस मरत नाही. का? कारण तो झटका साधारण सेकंदाला एकदा येतो आणि सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरताच राहतो. त्यातली ऊर्जा मर्यादित असते. दोन झटक्यांच्या मधे स्नायू सुटतात, हात मागे घेता येतो. डुक्कर किंचाळतं आणि पळतं. घरच्या लाईनीचा २३० व्होल्टचा करंट मात्र सलग वाहतो. तो स्नायू आवळून धरतो, मूठ उघडतच नाही, आणि छातीतून गेला की हृदय थांबतं. त्यात शेत ओलं, पाय अनवाणी. म्हणजे कमी व्होल्ट म्हणून कमी धोका, हा हिशेबच चुकीचा. मशीन बिघडली म्हणून चार दिवस तार थेट लाईनीला जोडणारे लोक आहेत. तुमच्या घरी असं होत असेल तर या आठवड्यात घरी जाऊन ती तार स्वतः काढा. कॉलेजात फिजिक्स शिकतो आपण, घरात हे सांगायला आपल्याशिवाय कोण आहे? यात कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ किंवा १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आकड्यासाठी वीजचोरीचा वेगळा, आणि प्राणी मेला तर वन्यजीव कायद्याचा तिसरा.

खरी मशीन लावली तरी तिला निगा लागते. खालची तार जमिनीपासून वीतभर वर हवी, कारण डुकराचं नाक तिथेच लागतं. दुसरी त्यावर हातभर. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसती टिकटिक करत राहते. अर्थिंग कोरड्या मुरमात केलं तर तेच. चार शेजाऱ्यांनी मिळून एकच मोठं कुंपण केलं तर खर्च बराच कमी होतो, पण बांधावरून चार पिढ्यांचं वैर असलेल्या चौघांना एका तारेवर आणणं हे डुक्कर पकडण्यापेक्षा अवघड काम आहे.

स्वस्तातले उपाय तुम्ही पाहिलेच असतील. जुन्या साड्यांचं कुंपण, सलूनमधले केस बांधावर टाकणं, रात्रभर वाघाचा किंवा माणसाचा आवाज काढणारा भोंगा. सुरुवातीचे थोडे दिवस चालतात. मग डुक्कर शिकतं की ही साडी काही करत नाही. म्हणून जे करायचं ते आलटून-पालटून करायचं, एकच गोष्ट महिनाभर ठेवायची नाही. हैदराबादच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक आपल्या अगदी ओळखीचा आहे: पिकाच्या कडेनं काटेरी करडईच्या ओळी. आपल्याकडे रब्बी ज्वारीत करडईची पाटं घालायची पद्धत जुनीच. करडईला मजूर मिळेना, काटे बोचतात म्हणून लोकांनी ती सोडली. डुकरालाही तेच काटे बोचतात. खरिपात करडई येत नाही, त्यामुळे सोयाबीनला तिचा उपयोग नाही, पण हरभऱ्याच्या कडेनं करून बघायला काय हरकत आहे?

आणि नुकसान झालंच तर? इथे तुमचं काम येतं. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीची भरपाई राज्य सरकार देतं आणि रानडुक्कर त्या यादीत आहे. पूर्ण नुकसान भरून निघत नाही, ठरावीक टक्केवारी आणि वरची मर्यादा असते. तरी बहुतेक अर्ज अडतात ते पहिल्याच पायरीवर, कारण तीन दिवसांच्या आत कळवायचं असतं. वडील सकाळी उकरलेलं शेत बघतात, शिव्या देतात आणि कामाला लागतात. चौथ्या दिवशी कुणीतरी सांगतं की पैसे मिळतात. तोपर्यंत पाऊस पडून ठसे गेलेले असतात. म्हणून त्याच सकाळी घरून फोटो मागवा: उकरलेले तास, खुरांचे ठसे, विष्ठा आणि एक फोटो असा की शेत ओळखू येईल. लोकेशन चालू ठेवायला सांगा. सातबारा आणि बँकेचं पासबुक तुमच्या मोबाइलमध्ये आधीच स्कॅन करून ठेवा. वनरक्षकाला कळवा, नंबर नसेल तर वनखात्याची १९२६ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. मग वन, महसूल आणि कृषी खात्याची माणसं पंचनामा करतात. पंचनाम्यावर क्षेत्र किती लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका, हे वडिलांना आवर्जून सांगा. गुंठे तिथेच कमी होतात.

पीक विम्यातही बदल होतोय. आजवर वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत धरलं जात नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं, की खरीप २०२६ पासून ते जादा संरक्षण म्हणून घेता येईल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्यांनी ठरवायचं आहे. नुकसान झालं की ७२ तासांत ॲपवर लोकेशनसह फोटो टाकायचे. आपल्याकडे वडिलांच्या हातात बऱ्याचदा साधाच फोन असतो आणि डोंगराच्या कुशीतल्या आखाड्यावर रेंज नसते. त्यामुळे ते ॲप चालवणार कोण, हे प्रत्येक घरानं पेरणीआधीच ठरवलेलं बरं. विमा भरताना हे जादा संरक्षण आपल्या जिल्ह्याला लागू आहे का, एवढं सीएससी सेंटरवर विचारून घ्या. आणि शनिवारी गावाकडं जाणार असाल तर बॅटरीचे सेल घेऊन जा. मामांनी मला दर वेळी तेच आणायला सांगितलंय.